सर्व फायली संगीताकडे वर्ग

बालाघाटात माझ्याइतक्या फायली उघडलेला माणूस दाखवा, मी पेटी वाजवणं सोडून देईन! सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून जन्म घालवला. उंदरांनी कुरतडलेल्या, साहेबांनी मुद्दाम दाबून ठेवलेल्या, सगळ्या फायली या हातांनी उघडल्या. तेव्हा माझ्या पोरीनं इंटरनेटवर एक एवढीशी फाईल ठेवली, तर ती मला उघडणार नाही? हसू आलं मला!

पोरगी म्हणजे ओवी. बंगलोरला नोकरी करते, होस्टेलवर राहते, संध्याकाळी पियानो शिकते. तिनं स्वतः एक चाल बांधली, कॉम्प्युटरवर तिचं नोटेशन लिहिलं आणि मला फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी आहे. पेटीवर बसवा. रविवारी सकाळी मी बूथवरून फोन करीन, तेव्हा वाजवून दाखवा. ऐकल्याशिवाय ठेवणार नाही!"

आता आमच्या घरात पेटी ऐकणारं कोण? अलकनंदा, माझी बायको, गेल्यापासून एक पाल तेवढी ऐकते. तीही तान लांबली की ट्यूबलाइटमागे निघून जाते. म्हणून हा रविवार मला हवा होता. इतका हवा होता, की मी आतल्या खोलीतला रेडिओ बंद केला! तो मी दिवसभर चालू ठेवतो. घरात माणसं आहेत असं वाटतं.

रीत ओवीनं सांगितली होती. आधी नोटेशन वाचणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या. घेतला. मग ब्राउझरला, म्हणजे इंटरनेटची पानं दाखवणाऱ्या त्या शहाण्याला, सांगून ठेवा की असली फाईल आली की त्या प्रोग्रॅमकडे दे. "आणि बाबा, यादीत आपल्या फायलीचा प्रकार नसेल. 'नवीन' दाबून घालावा लागेल." हे शेवटचं वाक्य मी बाबूच्या कानानं ऐकलं. म्हणजे ऐकलंच नाही.

भिंतीत फोनची जागा एकच. फोनची वायर उपटली, कॉम्प्युटरची खुपसली. मोडेम असा किंचाळला, जसा काही मांजराच्या शेपटीवर कोणी पाट ठेवलाय! ओवीचं पान उघडलं, फायलीवर टिचकी मारली. लगेच चौकट आली: ही फाईल कशात उघडू?

खरं सांगतो, बरं वाटलं. या घरात मला कोणी काही विचारत नाही हो! भाजी कोणती करू, हेसुद्धा मीच मला विचारतो. मी मोठ्यानं म्हटलं, "थांब जरा, सांगतो."

ब्राउझरची यादी काढली. बाप रे! फोटो, चित्र, मजकूर, पान, अमुक, तमुक. प्रत्येकासमोर एक रकाना. काही रकाने भरलेले, काही कोरे. आणि कचेरीत आम्हाला एकच गोष्ट शिकवलेली: कोरा रकाना म्हणजे ऑडिटवाल्याला जेवणाचं आमंत्रण! बसलो भरायला. फोटो? संगीताकडे, म्हणजे त्या नोटेशनच्या प्रोग्रॅमकडे. मजकूर? संगीताकडे. पान? तेही संगीताकडे. भरलेले रकानेही सोडले नाहीत. एका फायलीत दोन हुकूम मला कधीच खपले नाहीत. ब्राउझर विचारायचा, "नक्की?" मी म्हणायचो, "हौ!" फार छान गप्पा झाल्या.

मग ओवीच्या फायलीवर टिचकी मारली. पुन्हा तीच चौकट: ही फाईल कशात उघडू?

घ्या! तिचा प्रकार यादीत नव्हताच. जगातली प्रत्येक फाईल गाण्याच्या रांगेत उभी, आणि जिच्यासाठी मांडव घातला ती तेवढी बाहेर!

तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाई आल्या. माहेर कटंगीचं, नवरा मलाजखंडच्या खाणीत, आवाज मात्र खाणीतल्या सुरुंगाचा. मागे त्यांची रूपाली, चेहरा पांढराफटक. बारावीचा निकाल इंटरनेटवर लागला होता.

"भाऊजी, पोरीचं पाहून द्या नं बाप्पा. सकाळपासून जेवली नाई."

"त्यात काय!" मी म्हटलं. पत्ता टाकला, एंटर मारलं. पानाऐवजी नोटेशनचा प्रोग्रॅम टुणकन वर आला आणि इंग्रजीत म्हणाला, "इनव्हॅलिड फाईल."

"काय म्हंते?"

तीस वर्षं सरकारी भाषांतर केलेला माणूस मी. जिभेवर शब्द आला, तो बाहेर पडला. "अमान्य."

रूपाली मटकन खाली बसली. "काका, मैं फेल हो गई?"

"काहून हो भाऊजी? आजून नंबरबी नाई इचारला त्यानं! नंबर न इचारताच नापास?"

"सरकारचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो. का म्हणालो? माझी जीभ झडायला हवी होती! पोरीनं असा हंबरडा फोडला, की ट्यूबलाइटमागची पाल भिंत सोडून गेली.

"पुन्हा पाहा नं!"

पुन्हा पाहिलं. अमान्य.

रडारड ऐकून गल्ली दारात जमली. कोणी पाणी आणलं, कोणी बोर्डाला शिव्या घातल्या. माझ्या घरात इतकी माणसं अलकनंदाच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच आली होती, आणि चेहरेही तेच! शेवटी रूपाली स्वतःच उठली, डोळे पुसले, काली पुतली चौकातल्या सायबर कॅफेत गेली आणि फर्स्ट डिव्हिजन घेऊन आली.

शेवंताबाई माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पेटीच वाजवा." गल्ली हसत हसत घरी गेली. पाच मिनिटांत घर पुन्हा होतं तसं.

रविवारी उजाडताच वायर खुपसली. सगळे रकाने जसेच्या तसे केले, मुकाट्यानं 'नवीन' दाबलं आणि टिचकी मारली. उघडली! पाच तारांवर बेडकाची पिल्लं वाळत घातल्यासारखं काहीतरी. मला सारेगम कळतं, पिल्लं कळत नाहीत. पण खाली वाजवायचं बटण होतं. दाबलं. साधी चाल, मध्येच थांबणारी, कोणी हाक मारून ओ ऐकायला थांबावं तशी. पुन्हा लावली, पुन्हा लावली, पेटीवर शोधली. बसली! अगदी चोख बसली!

मग फोनची वाट पाहत बसलो. चहाची वेळ गेली. जेवणाची गेली. फोन नाही. संताप आला! ही आजकालची पोरं! शब्द म्हणून काही असतो की नाही? बाप मेला की जगला, यांना काय!

दुपारी शेवंताबाई पेढे घेऊन आल्या. "भाऊजी, ओवीचा फोन आमच्या घरी आलता. म्हने, सकाळपासून बाबाचा फोन एंगेज येऊन राह्यला. घाबरली होती बिचारी."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे अजून कॉम्प्युटरचीच वायर होती.

"मी खिडकीतून पाह्यलं, तुम्ही धडधाकट बसले होते. मंग मी तिले सांगतलं, काई झालं नाई, तुझे बाबा कोनासंग तरी बोलून राह्यले. इतकी खूश झाली पोरगी! म्हने, बरं झालं मावशी, बाबाले कोनीतरी बोलाले भेटलं! आता पुढच्या रविवारी करते म्हने." मग त्यांनी आवाज खाली आणला. "कोनासंग बोलत होते हो इतका वेळ?"

मी तोंडात पेढा टाकला.

त्या गेल्यावर ती वायर उपटली, फोनची खुपसली. लगेच चौकट आली: संपर्क तुटला. पुन्हा जोडू?

"नको रे," मी म्हटलं. "लाइन मोकळी असू दे."