लाल फळांच्या झुडुपावरून दोघां साडूंमध्ये जाहले युद्ध

राज्ये जातात, तख्ते मोडतात, आणि कोणी लिहून ठेविले नाही तर पुढील माणसांस वाटते की कांही घडलेच नाही. करितां दोन बंगल्यांमधील छातीभर उंचीच्या भिंतीवरून जे तुंबळ युद्ध जाहले, त्यांत कोण हटले, कोण टिकले आणि कामी काय आले, हे जैसे घडले तैसे, पदरचे न घालितां, येथे लिहिले आहे. सुज्ञांनी चहा बाजूस ठेवून श्रवण करावे.

भिंतीच्या उगवतीस राजेश्री पोस्टमास्तर राहात. टपालखात्यांतून निवृत्त, अंगाने किरकोळ, परंतु जिभेने भारी. मावळतीस दंतवैद्य, त्यांचे साडू. बंगल्याच्या पुढील खोलींत त्यांचा दवाखाना. थोरली बहीण इकडे, धाकटी तिकडे, ऐसी सोयरीक. दोघांनी एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतून शोभेच्या लाल फळांची दोन झुडुपे आणिली आणि भिंतीच्या अलीकडे-पलीकडे लाविली. मग नवल वर्तले. हिंवाळा लागतांच मास्तरांचे झुडूप लाल मण्यांनी ऐसे लगडे, की रस्त्याने जाणारे सायकलस्वार पाय टेकून पाहात. आणि डॉक्टरांचे झुडूप दरसाल पांढरे फुले, मग गपगार बसे, एक फळ म्हणून धरीत नसे.

फळे खाण्याची नव्हेत, केवळ पाहण्याची. मास्तरांच्या बाईसाहेबांनी आरंभीच सवाल केला होता, "खाता येत नाहीत, तर त्यांचं करायचं काय?" त्यावर मास्तरांनी ऐसी नजर टाकिली, की बाईसाहेब हसू दाबीत स्वयंपाकघरांत निघून गेल्या.

मास्तरांस ते यश सर्वस्वी आपल्या मर्दुमकीचे वाटे. झुडुपास चहाचा चोथा घालावा, पाने ओल्या फडक्याने पुसावी, आणि सकाळी त्याजसमोर उभे राहून वर्तमानपत्रांतील मथळे खड्या आवाजांत वाचावे, ऐसा परिपाठ. मग गर्व जाहला. मेव्हण्याच्या मुलाच्या वाढदिवशी, केक कापून होतो न होतो तोंच, तमाम आप्तमंडळींच्या भर दरबारांत मास्तर वदले, "काही झाडं मालकासारखीच असतात. नुसती फुलून बसतात."

मंडळी खदखदून हसली. डॉक्टरांनी केकची बशी खाली ठेविली आणि कूच केले. मग भिंतीवरून होणारी वाटी-चमच्यांची आवकजावक बंद पडली, दोघी बहिणींची संध्याकाळची बैठक मोडली, आणि पलीकडून फर्मान सुटले, की येत्या रविवारी, दवाखाना बंद असतां, ते निष्फळ झुडूप समूळ उपटून त्या जागी कपडे वाळविण्याचा स्टँड उभारावा. हे वर्तमान कळतांच मास्तर ऐसे हर्षित जाहले, की उपटण्यास सोपे जावे म्हणोन आपली खासगी कुदळ त्यांनी भिंतीवरून आपण होऊन पाठविली.

शनिवारी मास्तरांच्या सूनबाई, ज्या शाळेंत जीवशास्त्र शिकवीत, बागेत उभ्या राहून दोन्ही झुडुपांची फुले न्याहाळीत होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, काकांचं झाड तोडू देऊ नका. तुमचं मादीचं आहे, त्यांचं नराचं. ते गेलं की आपल्याकडे एक फळ धरायचं नाही."

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं त्यांच्याच झाडामुळे."

मास्तर पालथ्या बादलीवर बसले. चहाचा चोथा आठवला, फडके आठवले, वाढदिवस आठवला आणि कानशिले तापली. मग नराचे दुसरे रोप मागण्यास रोपवाटिकेस फोन केला, तो तिकडून जबाब आला, की बिनफळांची रोपे कोणी घेत नाही, सबब आतां ठेवीत नाही. मग कुदळ परत मागविली, तो उलट निरोप आला, की काम होतांच धुवून पाठवू. बाईसाहेबांनी मसलत दिली, "जा आणि सरळ सांगा, चुकलं म्हणून." ही मसलत मास्तरांस फारच कठीण वाटली. त्यांनी दुसरी हिकमत योजिली: दाढदुखीचे सोंग घेऊन गनिमास त्याच्याच दवाखान्यांत गुंतवून ठेवावे.

रविवारी सकाळी डॉक्टर हाफ पँट चढवून, करवत घेऊन मैदानांत उतरले होते. एक फांदी पडलीही होती. इतक्यांत मास्तर गाल धरून, कण्हत, फाटकांतून दाखल जाहले. डॉक्टर कितीही रागावले तरी पेशाचे इमानी. करवत काखेत मारून आंत आले, हात धुतले, खुर्ची मागे कलविली, दिवा डोळ्यांवर आणिला.

"कुठली?"

मास्तरांनी हाताला लागली ती दाखविली. डॉक्टरांनी तीवर हलकेच ठोकिले, तो कळ मस्तकास जाऊन भिडली. कारण दाढ खरोखरच किडली होती.

"ही काढावी लागणार, मास्तर. किती दिवस अंगावर काढलं?"

मग सुई टोचिली. जबडा जड जाहला, ओठ आपला की परका हे कळेना. डॉक्टर म्हणाले, "बधिर व्हायला थोडा वेळ लागेल. तेवढ्यात मी झुडूप उरकून येतो."

मास्तरांनी झडप घालून डॉक्टरांचा सदरा धरिला. सारी हुशारी सरली होती; खरे बोलण्यावांचून हत्यार उरले नव्हते, आणि तेही बोथट जाहले होते.

"फफं... फुमफी... आहेफ."

"काय?"

आवाज ऐकून दोघी बहिणी दारांत आल्या. धाकटी म्हणाली, "भावोजी म्हणतायत, फळं तुमची आहेत."

मास्तरांनी मान डोलाविली, आणि नर-मादीचे अवघे शास्त्र, लाळ पुसत, हातवारे करीत कथन केले. डॉक्टर स्टुलावर बसले.

"आणि वाढदिवसाचं?"

"फुकफं," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते सुईमुळे की कशामुळे, याचा निवाडा जाहला नाही.

डॉक्टरांनी करवत खाली ठेविली. मग दाढ ऐशा हलक्या हाताने काढिली, की मास्तरांस कळलेही नाही.

मग तह ठरला. डॉक्टरांनी झुडुपास करवत लावू नये. मास्तरांनी हरएक सायकलस्वारास अर्धे श्रेय पलीकडचे म्हणोन सांगावे. फळांची एक डहाळी दवाखान्यांत फुलदाणींत असावी. आणि मथळे दोहोंकडे ऐकू जातील ऐसे वाचावे. वाटी-चमचे त्याच संध्याकाळी भिंत ओलांडून गेले.

हिंवाळ्यांत झुडूप पूर्वी कधी न लगडे ऐसे लगडले. दोघां साडूंनी आप्तमंडळींस पाहण्यास बोलाविले. त्या सकाळी, पाहुणे येण्याच्या आधी, बुलबुलांचा थवा उतरला. मास्तर लुंगीवर, डॉक्टर तोंडांत टूथब्रश घेऊन, दोहों बाजूंनी टाळ्या पिटीत, ताटल्या बडवीत शर्थीने लढले. परंतु पाहतां पाहतां झुडूप बोडके जाहले.

डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वर्षी जाळी लावू."

"लावू," मास्तर म्हणाले. "पण दोन्ही झाडांवर. नाहीतर तुमच्या झाडाला वाईट वाटेल."

पाहुणे आले, त्यांस काड्या दाखविल्या, आणि त्या काड्यांचा पराक्रम दोघांनी आळीपाळीने, एकमेकांचे बोलणे तोडीत, सविस्तर सांगितला. आमचेकडील एक दाढ पडली, तिकडील एक फांदी पडली, फळे समस्त शत्रूने नेली. येणेप्रमाणे मोहीम पूर्ण फत्ते जाहली, ऐसे लिहून लेखणी ठेविली असे.