केकवरचा बांध

आमच्या समोरच्या घरात राहणारे रंगनाथ शेटे केकला क्रीम लावण्याआधी त्याची मोजणी करतात. केक फिरत्या ताटलीवर ठेवला की ते चष्मा बदलतात, चार दिशांना चार टाचण्या टोचतात, त्यांना दोरे ताणतात आणि दोरे जिथे एकमेकांना छेदतात तिथे पाचवी टाचणी रोवतात. मग एक पाऊल मागे सरून, एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, "हद्द कायम." त्यानंतरच क्रीमची पिशवी हातात घेतात. टाचण्या मोजून काढतात. पाचही परत डबीत पडल्याशिवाय केक घराबाहेर जात नाही.

शेटेसाहेब मोजणी खात्यात होते. तीसेक वर्षं त्यांनी शेवगाव, पाथर्डी, नेवासा या भागातली शेतं मोजली. कोणाचा बांध कुठे, हे सांगणं हा त्यांचा व्यवसाय. निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं ते ओट्यावर बसून रस्त्याची रुंदी डोळ्यांनी मोजत आणि कोणाची पायरी किती पुढे आली आहे ते कळवत. गल्लीत कोणाला त्याची गरज नव्हती.

केक मूळ त्यांच्या पत्नीचा. शकुंतलावहिनी बचत गटाच्या तीन दिवसांच्या वर्गाला जाऊन आल्या. येताना ओव्हन, ताटली आणि क्रीमच्या पिशवीला लावायच्या बारा तोट्या घेऊन आल्या. पहिल्या केकची किनार काढत असताना साहेब मागे येऊन उभे राहिले.

"ही रेघ पूर्वेला सरकली आहे," ते म्हणाले.

"मग तुम्ही ओढा सरळ," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर लोकांच्या ओढल्यात, एक घरातली ओढा."

साहेबांनी पिशवी घेतली ती अजून परत दिलेली नाही. केक वहिनी भाजतात, वरचं सगळं साहेब करतात. "जमीन माझी, नकाशा यांचा," अशी वहिनींनी वाटणी सांगितली आहे.

ऑर्डर घेण्याची त्यांची पद्धत खात्यातली आहे. आधी ट्रेसिंग पेपरवर कच्चा नकाशा. मग प्रश्न.

"लगतधारक कोण?"

"कोण म्हणजे?" एकदा एका मुलाच्या आईने घाबरून विचारलं.

"केक कापताना मुलाच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण उभं राहणार? त्यांना नाव उलटं दिसता कामा नये."

नकाशाखाली ते घरातल्या मोठ्या माणसाची सही घेतात. "हरकत असेल तर आत्ताच सांगा. नंतरची हरकत चालणार नाही." एकदा आजोबांनी हरकत घेतली की केकवर फुगे नकोत. नातवाने घेतली की हवेत. साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवून ऐकलं आणि अर्ध्या केकवर फुगे काढले.

त्यांचा दुसरा नियम असा, की न पाहिलेलं ते काढत नाहीत. माझ्या पुतणीच्या मुलीला, परीला, शिंगाचा पांढरा घोडा हवा होता. साहेबांनी मोबाईलवरचं चित्र बराच वेळ निरखलं.

"हे जनावर आपल्या तालुक्यात नाही," ते म्हणाले.

"कुठंच नाही आजोबा, ते खोटं असतं."

"मग कशाला काढायचं? दुसरं काय आवडतं तुला?"

तिने शेजारच्या शेळीचं नाव घेतलं. साहेब दुसऱ्या दिवशी जाऊन शेळी पाहून आले. वाढदिवसाला आली ती शेळीच, डाव्या कानाचा तुकडा पडलेली, जास्वंदीकडे मान वळवलेली. पोरांनी तिला नावाने हाक मारली. शेळीची मालकीण चौकशीला आली आणि तिलाही एक तुकडा द्यावा लागला.

याच नियमामुळे त्यांच्याकडे शेताचे केक येऊ लागले. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाला वडिलांच्या साठीला काही वेगळं हवं होतं. साहेब स्वतः त्या शेतावर गेले. केकवर त्यांनी पांढऱ्या क्रीमच्या ठिपक्यांची कपाशी काढली, निळ्या जेलीची विहीर, चॉकलेटची पायवाट, पत्र्याची शेड. कोपऱ्यात टोपण लावलेला कोरडा बोअरही काढला. वडील केकभोवती एक फेरी मारून आले.

"बोअर बी काढलाय व्हय," एवढंच ते म्हणाले. पण केकचा फोटो त्यांनी मोबाईलच्या स्टेटसला लावला, आणि त्या फोटोमुळे पुढच्या ऑर्डरी आल्या. ऊस असेल तर हिरव्या क्रीमच्या उभ्या ओळी, तूर असेल तर वर पिवळे ठिपके. उन्हाळ्यात क्रीम टिकत नाही म्हणून साहेब कूलर लावून, अंगावर शाल घेऊन काम करतात.

गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या हातून एक चूक झाली.

इथून दहा किलोमीटरवरच्या एका गावात बाबूराव आणि निवृत्ती हे दोघे भाऊ शेजारी शेजारी राहतात. वाटणीनंतर कित्येक वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. निवृत्तीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सुपारीच्या निमित्ताने ते पुन्हा सुरू झालं होतं. बाबूरावांच्या सुनेने, सविताने, सासऱ्यांच्या पासष्टीला शेताचा केक सांगितला आणि निवृत्तीच्या घरच्यांनाही जेवायला बोलावलं. तिचा हेतू उघड होता. लग्नाआधी एकदा सगळे एका जागी बसावेत.

ही वाटणीची मोजणी साहेबांनीच केली होती. "ते शेत मला पाठ आहे," असं म्हणून ते या वेळी शेतावर गेले नाहीत. सहीही घेतली नाही. जुन्या वहीतून त्यांनी नकाशा उतरवला.

जमीन मात्र वहीत बसून राहत नाही. दर हंगामाला नांगर बांधाला थोडा घासून जातो. त्याला इकडे बांध कोरणं म्हणतात, आणि कोरणारा माणूस ते कधी कबूल करत नाही. मधल्या काळात बांध चार हात सरकला होता. बांधालगतचं कडुलिंबाचं झाड आज बाबूरावांच्या रानात उभं होतं. केकवर ते निवृत्तीच्या रानात आलं.

पुढचं सविताने सांगितलं. मेणबत्ती पेटवली होती. निवृत्ती केकवर वाकले.

"दादा, लिंब माझ्यात हाय की."

"केक हाय त्यो," बाबूराव म्हणाले.

"केक असू दे. काढलाय कुनी? साहेबांनी."

"साहेबाला इचारून नांगरतो काय मी?"

"त्येच म्हनतोय. इचारत न्हाईस."

निवृत्ती घरच्यांना घेऊन उठले. बाबूरावांनी मेणबत्ती चिमटीने विझवली आणि जाहीर केलं की लग्नाच्या मांडवात आपण पाय ठेवणार नाही. लग्न पंधरा दिवसांवर होतं.

सविताच्या नवऱ्याने न कापलेला केक मोटारसायकलवरून परत आणून दिला. साहेबांनी खोका उघडला, बांधाकडे पाहिलं आणि झाकण लावलं.

"रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे," ते म्हणाले.

"लोक वाढदिवसाला केक सांगतात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही निकाल दिलात."

दोन दिवस काम बंद होतं. बाराही तोट्या धुऊन, पुसून, कापडात बांधून साहेबांनी त्या कपाटावर ठेवल्या. आलेली एक ऑर्डर त्यांनी नाकारली. मी भेटायला गेलो तेव्हा ते टेबलावर जुन्या वह्या पसरून बसले होते.

"त्या दोघांना मीच वेगळं केलं होतं," ते म्हणाले. "आता जुळत होते, तर पुन्हा मीच."

"वेगळे ते स्वतः झाले. तुम्ही मोजलंत."

"मोजणीची साखळी माझ्या हातात होती."

मी सुचवलं की दुसरा केक करा, झाड मधोमध दाखवा. दोघांचंही समाधान होईल.

"खोटा नकाशा मी काढत नाही." त्यांनी वहीचं पान उलटलं. बराच वेळ ते त्या पानावर बोट ठेवून होते. "जुना मात्र काढता येईल."

तिसऱ्या दिवशी तोट्या खाली आल्या. वहिनींनी नेहमीपेक्षा मोठा केक भाजला. सविताला फोन करून साहेबांनी दोन्ही घरच्यांना अंगणात थांबवायला सांगितलं. तिने दोघांनाही एकच सांगितलं, साहेब चूक मान्य करायला येत आहेत. दोघांनाही ते ऐकायचं होतं, त्यामुळे दोघेही थांबले. गाडी मी चालवली. साहेब मागे खोका मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक गतिरोधकाच्या आधी मला त्याची सूचना देत होते.

अंगणात दोन टोकांना दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाबूराव, दुसरीवर निवृत्ती. मधल्या टेबलावर साहेबांनी खोका उघडला. कोणी उठलं नाही.

"या. समक्ष बघा," साहेब म्हणाले. हा आवाज खात्यातला होता. दोघेही उठून आले.

केकवर एकच सलग रान होतं. मधोमध खळं, पलीकडे बाभळीच्या काट्याचं कुंपण, त्यात एक छपराचं घर, मोटेची विहीर, आणि कडुलिंब.

"बांध कुठंय?" बाबूरावांनी विचारलं.

"अजून पडलेला नाही. मोजणीच्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हाचा हा नकाशा आहे. साखळी टाकायच्या आधीचा. सगळं वहीत नोंदलेलं आहे."

निवृत्ती वाकले. "छपराचं दार तिकडंच हुतं. बराबर हाय." मग झाडाखालच्या लाल ठिपक्यावर त्यांचं बोट थांबलं. "ह्ये काय?"

"नकाशात माणसं दाखवत नाहीत," साहेब म्हणाले. "पण तुमचे वडील दिवसभर तिथे बसून होते. मोजणीकडे पाठ करून. लाल फेटा होता."

आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"उन्हात बसलं हुतं म्हातारं," बाबूराव म्हणाले. "झाड तवा एवढंसंच. सावली कुठली."

"मी म्हनलं हुतं, घरात चला."

"तू न्हाई, मी म्हनलं हुतं."

"दोघंबी म्हनलो. ऐकलं न्हाई."

सविताने सुरी आणून मध्ये ठेवली. बाबूरावांनी ती उचलली, भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बांधाचं काय ते लग्न झाल्यावर बघू."

"बघू की. मोजनी लावू परत."

"लाव. साहेबास्नीच बोलव."

"साहेब रिटायर हायेत, दादा."

"मग केक घिऊन येतील."

केक कापला गेला. झाडाला कोणी सुरी लावली नाही. ते शेवटपर्यंत ताटलीवर उभं राहिलं आणि उन्हाने एका बाजूला कललं.

सविता पाण्याचा तांब्या घेऊन साहेबांपुढे आली. "नको, आहे माझ्याकडे," असं म्हणून त्यांनी पिशवीतून बाटली काढली. बाबूराव ते पाहत होते.

"साहेब, त्या येळंला बी तुमी आमच्या हिरीचं पानी पिला न्हाई," ते म्हणाले. "सामाईक हीर हुती. आमी म्हनलं, मानूस लई गर्वाचा."

"गर्व नव्हता," साहेब म्हणाले. "एकाच्या घरचं पाणी प्यायलो, की दुसरा म्हणतो, साहेब तिकडचे. मग माप खरं असलं तरी खोटं ठरतं. म्हणून कुठेच घेत नसे."

"कुटंच? एवढी वर्सं?"

"डबा बांधावर बसून खायचो."

निवृत्तींनी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि टेबलाखाली ठेवली. सविताने तांब्या पुढे केला. साहेबांनी आधी निवृत्तींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग ते प्यायले.

त्यानंतरचा तपशील मी मोजला. बाबूरावांकडे चहा आणि दोन बाजरीच्या भाकऱ्या, वांग्याच्या भाजीबरोबर. पलीकडे निवृत्तींकडे पुन्हा चहा, शेंगदाण्याची चटणी, लग्नासाठी केलेल्या लाडवांपैकी दोन, आणि आग्रहाने तिसरा. साहेबांना साखरेचा त्रास आहे. त्या दिवशी त्यांनी तो कोणाला सांगितला नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. रिकामा खोका शेजारी ठेवून साहेब मागच्या सीटवर बसले होते. आमच्या शेवगावची वेस दिसू लागली तेव्हा त्यांनी वहिनींना फोन लावला.

"माझं रात्रीचं करू नकोस. तिकडे खाल्लंय."

"कुणाकडं?" वहिनींनी विचारलं. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता.

"दोघांकडं."

 

"दोघांकडं?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

"हो," साहेब म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघू लागले.