दारासमोरचा थांबा

नारायण पेठेतल्या दुर्गाबाईंना फुटपाथवर स्कूटरचा आरसा लागला, तेव्हा स्कूटरवाल्याने मागे वळून "आजी, बघून चाला" असा सल्ला दिला. घरी आल्यावर त्यांच्या मुलाने, अनिरुद्धने, "आता एकटी बाहेर पडायचं नाही" असा दुसरा दिला. दुर्गाबाईंना सल्ल्यांचा वीट आला होता. मंडईत जाऊन आपल्या हाताने भाजी निवडायची, एवढं एकच सुख त्यांना उरलं होतं. ते कुणाच्या आरशापायी सोडायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारासमोर फुटपाथच्या मधोमध एक जुनी खुर्ची नेऊन ठेवली. दुचाक्या अडल्या. पण सावलीतली खुर्ची पुण्यात रिकामी किती वेळ राहणार? अर्ध्या तासात एक गृहस्थ येऊन बसले.

"इथे बस थांबते का हो?"

"हात करून बघा. थांबली तर थांबली," दुर्गाबाई वैतागून म्हणाल्या.

गृहस्थांनी हात केला आणि बस खरंच थांबली. दुसऱ्या दिवशी पाच माणसं आली, आठवड्याभरात रांग लागली. मग दुर्गाबाईही दारातूनच बसमध्ये चढल्या आणि मंडईतून कोवळी गवार घेऊन एकट्या परत आल्या. त्यांना फार बरं वाटलं.

"रीतसरच करून घेऊ," म्हणत अनिरुद्धने ऑनलाइन अर्ज ठोकला.

"अरे, चाललंय ते चालू दे ना!"

"आई, तुला सिस्टिम कळत नाही."

सिस्टिम तीन महिन्यांनी आली. कुठल्याशा खात्याच्या माणसांनी खुर्ची अतिक्रमण म्हणून उचलली आणि तिथे स्टीलचा चकचकीत थांबा उभारला. त्याने सगळा फुटपाथ व्यापला, म्हणून लोक रस्त्यावरून चालू लागले. थांब्यापुढच्या जागेत दुचाक्या लागल्या. त्यामुळे बसला कडेला येता येईना, म्हणून ड्रायव्हर चाळीस पावलं पुढे चौकाच्या तोंडाशी थांबू लागला. दुर्गाबाई पिशवी सावरत, हॉर्न ऐकत तिथवर जायच्या. दमायच्या, पण जायच्या.

महिन्याभराने ऋतुजा नावाची एक मुलगी हातात टॅब घेऊन दारात आली.

"आजी, नव्या थांब्याचा सर्व्हे आहे. समाधानी की असमाधानी?"

"असमाधानी म्हटलं तर काय होतं?" गुडघा चोळत दुर्गाबाईंनी विचारलं.

"लगेच येऊन सुधारणा करतात!"

दुर्गाबाईंनी हात जोडले. "समाधानी लिही गं बाई. अजून चाळीसच पावलं चालावं लागतंय."