डोंगराला बसायचं होतं

पाऊस खळायचं नाव घेईना, तेव्हा बोरजवाडीच्या डोंगराने ग्रामसभेत येऊन सांगितलं, की त्याला आता उभं राहवत नाही. गावाने बसायची परवानगी द्यावी.

समाजमंदिरात तो मावणार नव्हता. तो बाहेरच थांबला आणि खिडकीतून बोलला. सरपंच गणपत उतेकरांनी त्याचा विषय आधी घेतला, कारण सभेत वयाने तोच मोठा होता.

“बसणार म्हणजे नेमकं कुठे?”

“खालीच. दुसरीकडे कुठे जाणार?” डोंगर ओशाळून म्हणाला. “अंगात पाणी मुरलंय. झरा गढूळ झालाय, वरच्या आळीत भेगा पडल्यात, झाडं कललीत. तुम्ही पाहिलंच असेल.”

सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी बोललं नव्हतं, इतकंच.

पावसाळाभर दम धरावा, अशी एक सूचना आली. धरून पाहिला, असं डोंगराने नम्रपणे सांगितलं. मग ठराव झाला: पलीकडच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, शाळेत सगळ्यांनी जावं, गुरं सोबत न्यावीत, आणि डोंगर पुरता बसल्याशिवाय कुणी कशासाठीही मागे फिरू नये. विरोधात एकटा हौसाबाई दाभेकरांचा हात वर होता.

दुपारपर्यंत वाडी रिकामी झाली. सरपंच दोनदा बोलावून गेले, पण हौसाबाई आपल्या ओट्यावरून हलल्या नाहीत. लग्न होऊन त्या इथे आल्या, तेव्हा नुकतं लुगडं नेसू लागल्या होत्या. घरात सासूपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. गवताचा भारा आणायच्या निमित्ताने त्या डोंगरावर जायच्या आणि माहेरची गाणी मोठमोठ्याने म्हणायच्या. डोंगर प्रत्येक ओळ मागोमाग म्हणायचा. त्या घरात त्यांच्यामागे गाणारं दुसरं कुणी नव्हतं.

“हौसा, चल आता,” डोंगर म्हणाला.

“एवढी वर्षं उभा राहिलास, आणि माझ्या म्हातारपणीच तुला बसायचं सुचलं?”

“तुझ्याबरोबर मीही म्हातारा झालोच की.”

हौसाबाईंना हसू आलं, पण त्या उठल्या नाहीत.

“धनी गेले तेव्हा मी वर येऊन रडले होते,” त्या म्हणाल्या. “माझं रडणं तेवढं तू मला परत ऐकवलं नाहीस.”

“मुद्दामच गप्प राहिलो.”

पागोळ्या गळत होत्या. हौसाबाईंनी पदराने डोळे पुसले.

“मग अजून थोडा उभा राहा. माझ्यासाठी.”

“सकाळपासून तुझ्यासाठीच उभा आहे, हौसा. पाय थरथरतायत.”

हौसाबाई उठल्या. दार लोटलं, उंबऱ्याला हात लावला आणि काठी टेकत निघाल्या.

“ओढ्याकाठची वाट नको,” डोंगराने मागून सांगितलं. “माझ्यापासून लांबच्या बाजूने जा.”

त्या लांबच्या वाटेने सड्यावर पोचल्या. सरपंचांनी त्यांना हात देऊन व्हरांड्यात घेतलं आणि डोंगराकडे बघून होकारार्थी मान हलवली.

डोंगर बसला. मोठा आवाज झाला, जमीन हादरली, गोठ्यातून आणलेल्या म्हशी हंबरल्या. बराच वेळ धुकं आणि चिखल यांखेरीज काही दिसत नव्हतं. दिसू लागलं तेव्हा वाडी नव्हती.

“सगळे आहेत ना?” डोंगराने दम खात विचारलं.

उतेकरांनी एकेकाचं नाव पुकारलं. ज्याचं त्याने उत्तर दिलं. हौसाबाईंचं नाव शेवटी आलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “तू नीट टेकून बस.”

नंतर व्हरांड्यातली माणसं हळू आवाजात बोलू लागली. डोंगराचा डोळा लागला होता.