समुद्रतळाशी सासूबाई

सभागृहाच्या भिंतीवर भलामोठा नकाशा लावून नकाशेसाहेब शिडीवरून उतरले, कौतुकाने बघायला दोन पावलं मागे सरकले आणि जागीच थबकले. नकाशाच्या मधोमध, चांगल्या ठळक अक्षरांत छापलं होतं : सासूबाई. शेजारच्या सपाट भागावर : सासरे. आणि वरून जे पडेल ते गिळणाऱ्या खोल घळीवर : मेहुणा.

चूक म्हटली तर साधी होती. चार देशांच्या जहाजांनी पाण्यात ध्वनिलहरी सोडून समुद्राचा तळ मोजला होता आणि ते तुकडे जुळवायचं काम नकाशेसाहेबांकडे होतं. तळाच्या प्रत्येक भागाला मुख्यालयाने लांबलचक क्रमांक दिलेला. तो कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून साहेबांनी कामापुरती घरचीच नावं दिली. मधली टेकडी अशी ताठ उभी होती की प्रवाहसुद्धा तिला वळसा घालून जात. तिचं नाव सुचायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

छापण्याआधी ही नावं पुसायची होती. पुसायला म्हणून हात माऊसवर गेला आणि घरून फोन आला.

"जावईबापू, चहाची गाळणी जागेवर का नाही?"

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. राहायला आल्यापासून घरातली एक वस्तू त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, आणि जावई तर नाहीच नाही. गाळणी सापडेपर्यंत फोन चालला. सापडली, आणि त्या आनंदात साहेबांनी फाईल तशीच छपाईला धाडून दिली.

मधल्या टेकडीभोवती जाळं टाकायला बंदी घालण्यासाठी आज त्याच नकाशावर चार देशांच्या सह्या व्हायच्या होत्या. आणि मोठ्या हौसेने साहेबांनी समारंभाला घरच्यांनाही बोलावून ठेवलं होतं. सासूबाई अर्ध्या वाटेवर असणार.

ते पांढरी चिकटपट्टी घेऊन पुन्हा शिडी चढले. मेहुणा झाकून झाला. सासऱ्यांवर अर्धी पट्टी बसली, तोच दार उघडलं आणि प्रतिनिधी आत आले. सगळ्यांत पुढे हरकतवाले. या गृहस्थांनी वाटाघाटींत जेवणाच्या सुटीलाही हरकत घेतली होती, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव ठेवलं होतं. आज त्यांनी सही नाकारली तर तळ खरवडत जाणारी मोठी जाळी टेकडीवर फिरणार, आणि शेकडो वर्षांत वाढलेली पोवळी एका दिवसात भुईसपाट होणार. साहेबांचा जीव त्या पोवळ्यांत होता. तसा तो घरच्या शांततेतही होता.

"ही अक्षरं कसली?" हरकतवाल्यांनी दुभाषीबाईंमार्फत विचारलं. "आमच्या प्रतीत नुसता क्रमांक आहे. कागद बदलला असेल तर मी सही करणार नाही."

दुभाषीबाईंनी नकाशा वाचला आणि ओठ घट्ट मिटले. "साहेब, काय सांगू यांना?"

"सांगा की..." साहेबांना शिडीवर घाम फुटला. "ही आमच्याकडची एक जुनी शक्ती आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिच्या हद्दीत कोणी काडी जरी हलवली तरी तिला कळतं."

यात खोटं काहीच नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"तिचा कोप होतो?" हरकतवाले आता गंभीर झाले होते.

"होतो तर! साध्या गाळणीवरूनसुद्धा होतो."

दुभाषीबाईंनी गाळणी तेवढी वगळली. हरकतवाल्यांनी नकाशाजवळ जाऊन टेकडी निरखली. मग म्हणाले, "आमचे बोटवाले कायद्याला जुमानत नाहीत. अशा कोणाला मात्र टरकतील. नाव हेच राहू द्या. आणा पेन."

पाठोपाठ बाकीच्यांनीही सह्या ठोकल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब शिडीवरून उतरले, वळले, आणि समोर बायको, सासरे आणि चष्मा पुसत असलेल्या सासूबाई!

चष्मा डोळ्यांवर चढला. नकाशा वरपासून खालपर्यंत तपासला गेला.

"जावईबापू, ही मी?"

आता आणखी एक थाप मारायची ताकद साहेबांत उरली नव्हती. "हो आई. तुम्हीच."

"उंची?"

"नऊशे मीटर."

"आजूबाजूला कोणी?"

"तुमच्याइतकं उंच कोणीच नाही."

"हं." सासूबाईंची नजर अर्धवट पट्टीखालच्या सपाट भागाकडे गेली, तिथून पहिल्या खुर्चीत बसून केव्हाच डोळे मिटलेल्या सासऱ्यांकडे. "हे मात्र अगदी अचूक मोजलंय हं."

बायकोने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. साहेबांना किती हलकं वाटलं म्हणून सांगावं! दुभाषीबाईंनाच मिठी मारावी असं त्यांना वाटून गेलं. मारली नाही, एवढं भान होतं.

"आणि इथे बंदी कशाची आहे?" सासूबाईंची तपासणी संपलेली नव्हती.

"तुमच्या आसपास जाळं टाकायची."

"लक्ष कोण ठेवणार?"

"कुठली बोट कुठे आहे ते इंटरनेटवर कोणालाही दिसतं, आई. शिवाय चार देशांची समिती अधूनमधून भेटणार आहे."

"अधूनमधून?" सासूबाई कडाडल्या. "अधूनमधून लक्ष देऊन वर्ग सांभाळता येतो का?"

दुसऱ्या दिवसापासून त्या टॅबलेट घेऊन खिडकीशी बसल्या, त्या बसल्याच. पंधरवडाही झाला नसेल, ऑफिसात फोन वाजला. "जावईबापू, माझ्या उत्तरेला एक बोट मघापासून घुटमळतेय. लक्षण बरं दिसत नाही." गस्तीचं जहाज गेलं, तर खरोखरच जाळं पाण्यात सोडायच्या बेतात असलेली बोट सापडली. बोट हरकतवाल्यांच्या देशाची निघाली. त्यांनी स्वतः फोन करून माफी मागितली. सासूबाईंनी ती दुभाषीबाईंमार्फत ऐकून घेतली आणि पुन्हा असं होणार नाही, हे त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

घरात मात्र कमालीची शांतता पसरली. ओला टॉवेल खुर्चीवर पडू लागला. गाळणी कधी कपाटात, कधी बेसिनमध्ये, आणि कोणी चकार शब्द काढेना. एका संध्याकाळी साहेब मजेत पाय पसरून चहा पीत होते. पलीकडच्या खुर्चीत सासरे खुशाल तिसरं बिस्किट चहात बुडवत होते. खिडकीकडे एकदा हळूच बघून ते साहेबांच्या कानाशी वाकले.

"जावईबापू, समुद्र अजून बराच मोजायचा राहिलाय म्हणे?"

"पुष्कळ राहिलाय, बाबा."

"मोजा, मोजा," चौथं बिस्किट उचलत सासरे म्हणाले. "आणि सगळीकडे हिचंच नाव टाका."