बिनघोड्याची बंदूक

जवसाच्या तेलाचा वास आधी येतो, सेतुराव नंतर येतात. जड, किंचित कडवट, उन्हात तापलेल्या लाकडाच्या पोटातून निघावा तसा तो वास. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीत तो मोगऱ्याच्या गजऱ्यांमधून आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामधून वाट काढत जिना चढतो, आणि मी ओळखते की आज पुन्हा कुणाच्या तरी दारावर संकट आले आहे.

सेतुराव आमच्या इमारतीतील साऱ्या लाकडाला जवसाचे तेल लावतात आणि साऱ्या लोखंडाला मशीनचे. कुणाला विचारत नाहीत. खालच्या भाडेकरूने एकदा बिजागरीला खोबरेल लावले, तेव्हा सेतुराव त्याच्याशी चार महिने बोलले नाहीत. मी इथे राहायला आले त्याला नऊ वर्षे झाली, आणि या नऊ वर्षांत आमचे एकही दार करकरलेले नाही. त्यामुळे पाहुणा आला आहे हे तो डोळ्यांसमोर उभा राहिल्यावरच कळते.

चाळीस वर्षे त्यांनी बंदुका दुरुस्त करण्याच्या एका दुकानात काम केले. ते दुकान आता नाही. तंजावरकडच्या त्यांच्या घराण्यात सारे कारकून आणि शिक्षक. हा एकच मुलगा कानस घेऊन बसला, म्हणून वडिलांनी अखेरपर्यंत त्यांचा धंदा ‘यंत्रकाम’ असाच सांगितला. सेतुरावांनी स्वतः कधी चिमणीही मारली नाही. घरात मसूर शिजत नाही, कारण तिचा रंग मांसासारखा दिसतो. पण दुनळी बंदुकीचा विषय निघाला की त्यांच्या आवाजाला पोलादाचा गारवा येतो.

त्यांची मराठी आणि माझी मराठी या एकाच आजीच्या दोन नाती आहेत. एक माहेरी राहिली, एक तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेला दिली. त्यांचे अनुस्वार अजून शाबूत आहेत. मी ‘बोललात’ म्हणते तिथे ते ‘बोलिलांत’ म्हणतात, वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचलतात, आणि मी केंद्र सरकारच्या शाळेत हिंदी शिकवते म्हणून मला ‘टीचरम्मा’ म्हणतात.

गेल्या वर्षी पुतण्याने त्यांना नवा फोन दिला. त्यात प्रश्न विचारला की उत्तर देणारा तो चॅटबॉट होता. सेतुराव त्याला ‘विद्वान’ म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे दार ठोठावले.

“टीचरम्मा, हा माझें ऐकत नाहीं.”

ऐकत होता, समजत नव्हता. सेतुरावांची मराठी त्याच्या कानांना परकी होती. पुढे महिनाभर रोज सकाळी, शाळेला जाण्यापूर्वी, मी मराठीतून मराठीत भाषांतर करणारी दुभाषी झाले. ते प्रश्न सांगत, मी तो माझ्या मराठीत फोनला सांगे, फोन उत्तर देई, आणि सेतुराव निकाल देत. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. लेखणी धरवत नाही. म्हणून वहीत मार्कही मीच लिही.

परीक्षा तोंडी, विषय एकच: जुन्या दुनळ्या.

“विचार, बारा बोराला बारा कां म्हणतात?”

विद्वानाने सांगितले: नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतो, म्हणून. उत्तर अचूक होते. शिवाय आरंभी त्याने ‘आपला प्रश्न अतिशय सुंदर आहे’ असेही म्हटले.

“अर्धा मार्क,” सेतुराव म्हणाले.

“उत्तर बरोबर आहे, मामा.”

“पुस्तकांतलें आहे. आणि मास्तराला शाबास म्हणणारा पोर मज नको.”

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न त्यांनी दोनदा घोळवून माझ्या हाती दिला. “बिनघोड्याच्या बंदुकीचा घोडा कोठें असतो?” बंदुकीचा घोडा म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आपटणारा तो लहानसा हातोडा, हे मला तोवर ठाऊक झाले होते. विद्वानाला ते ठाऊक नव्हते. बंदुकीच्या आवाजाने घोडा बिथरू नये म्हणून त्यास सुरक्षित अंतरावर, सावलीत बांधावे, असे त्याने अत्यंत आस्थेने सुचवले.

सेतुरावांनी वहीकडे बोट केले.

“लिही. शून्य. आणि घोड्याला चारा.”

मी तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. आता उत्तर चोख आले: घोडा नसतो असे नाही, तो आत, पोलादी पेटीत लपलेला असतो.

“इंग्रजींत शहाणा, मराठींत घोडा,” सेतुराव म्हणाले. “आमचे पुष्कळ नातेवाईक असेच.”

पूर्ण मार्क त्याला एकदाच मिळाले. मुरडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या जुन्या नळ्यांना तपकिरी रंग चढवताना कसला वास येतो, असे विचारले असता विद्वान म्हणाला की मला वास कळत नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही.

“जाणत नाहीं म्हणाला. दोन मार्क दे. आमच्या मालकाला चाळीस वर्षांत हें जमलें नाहीं.”

मला वाटे, रिकाम्या सकाळी भरण्याचा हा म्हाताऱ्या माणसाचा खेळ आहे. एक गोष्ट मात्र खटके. प्रत्येक परीक्षेचा शेवटचा प्रश्न रोज तोच असे. एका इंग्रजी दुनळीचे वर्णन ते करीत, तिच्या अक्रोडी दस्त्यावर मुठीच्या जागी कोरलेल्या बारीक जाळीचे वर्णन करीत, आणि विचारीत, “ती जाळी कोणीं कोरली?” विद्वान रोज सांगे की इंग्लंडातील कुशल कारागिरांनी. सेतुराव रोज म्हणत, “शून्य.” मग थोडे थांबून, स्वतःशीच, “घरांत कोरली.”

एकदा मी तेही फोनला सांगितले: ती जाळी घरात कोरली आहे. विद्वान हरखला. अगदी बरोबर, म्हणाला. अशा नामांकित कंपन्या सारे काम आपल्या घरातच, म्हणजे इन-हाउस करीत.

सेतुरावांनी त्या दिवशी मार्क सांगितले नाहीत. मीही मनात धरून चालले की दस्ता घरी आणून जाळी त्यांनी स्वतःच कोरली असावी, आणि आता श्रेय मागायला संकोचत आहेत.

खरा प्रकार नंतर कळला. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत षण्मुगम नावाचे एक कारखानदार आहेत. पंपाचे सुटे भाग बनवतात. आजोबांच्या तीन जुन्या बंदुका त्यांच्याकडे परवान्यासह आल्या, आणि त्यांवर एक देखणे पुस्तक छापायचे त्यांच्या मनात आले. मजकूर त्यांनी चॅटबॉटकडून लिहवून घेतला आणि चुका तपासायला सेतुरावांकडे पाठवला. त्यात त्या दुनळीखाली एक ओळ होती: ‘जाळी: मूळ इंग्रजी काम.’ ती एक ओळ खोडून घेण्यासाठी सेतुराव महिनाभर पुरावा जमवत होते. विद्वान चुकतो, हे त्यांना वहीनिशी सिद्ध करायचे होते.

पुस्तक छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि आम्ही बसने गिंडीला गेलो. वही त्यांनी पिशवीत नव्हे, छातीशी धरली होती.

षण्मुगम यांच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडे लेथ चालू होता. पोलाद सोलले जाण्याचा तो लांब, ओला आवाज खुर्चीतून अंगात शिरे. टेबलावर हिरव्या कापडावर दुनळी ठेवलेली होती. सेतुरावांनी तिच्याकडे पाहिले नाही. आधी वही उघडली.

“नव्वद प्रश्न. एकतीस मार्क,” ते तमिळमध्ये म्हणाले. “असल्या नापास पोराकडून तुम्ही पुस्तक लिहवून घेतलें.”

“सार, एकच ओळ तर आहे,” षण्मुगम हसत म्हणाले. मोठे मृदू गृहस्थ. “इंग्रजी काम म्हटले की बघणारा मान देतो.”

“मग मान त्यालाच द्या. खोटें माझ्याकडून तपासून घेऊं नका.”

“पुरावा काय, सार?”

“अंगठा.”

त्यांनी षण्मुगम यांचा अंगठा धरला आणि दस्त्याच्या जाळीवर टेकवला. मग माझा. त्यांचा कंप सुटलेला हात माझ्या हातावर होता, तरी मला ते कळले. मुठीवरच्या चौकटी हिऱ्यांसारख्या तीक्ष्ण, एकमेकींना चिकटून. आणि काठाशी, जिथे रेघा तुटून संपायला हव्या होत्या, तिथे त्या संपतच नव्हत्या. प्रत्येक रेघ काठाला शिवून वळसा घेई, शेजारणीला ओलांडी आणि परत आत येई. सगळी जाळी मिळून एकच रेघ होती. दर पहाटे उंबऱ्यापुढच्या ओल्या जमिनीवर, ठिपक्यांना वेढत, कुठेही न तुटता फिरणारी कोलमची, इथल्या रांगोळीची, रेघ.

“इंग्लंडांत कोण कोलम घालतो?” सेतुरावांनी विचारले.

षण्मुगम यांनी अंगठा पुन्हा एकदा, सावकाश फिरवला. “मग कोणी केले हे?”

“वीट्टुल,” सेतुराव म्हणाले. घरात.

मी पुढे होऊन सांगणार होते की हे काम यांनी स्वतः घरी केले आहे. तोवर षण्मुगम यांचा चेहरा बदलला होता. तमिळ माणसाला ‘घरात’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. “अम्मांनी?” त्यांनी हळू विचारले.

सेतुरावांनी होकाराची मान हलवली. आणि मी, जिच्या भाषेतला तो शब्द होता, महिनाभर तो रोज ऐकत होते आणि त्याचे छप्पर, भिंती, चूल असे काहीतरी करीत होते. आमच्याकडेही जुन्या काळी पुरुष पत्नीला ‘घरांत’ म्हणत. आम्ही विसरलो, त्यांनी जपले.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितले. दुकानात इंग्रजी बंदुकांचे मोडलेले दस्ते बदलीत, पण नव्या दस्त्यावरचे जाळीचे काम कुणाला नीट साधत नसे. ते दस्ते कापडात गुंडाळून घरी आणीत. दुपारचा स्वयंपाक आवरला की ती खिडकीशी बसे, दस्ता मांडीवर घेई आणि श्वास धरून रेघ ओढी. मालकाला वाटे सेतुरावांचा हात चांगला आहे. सेतुरावांनी तसे वाटू दिले. ती गेल्याला आता दहा वर्षे झाली, म्हणजे मी इथे राहायला येण्याच्या आधीच.

“ओळ बदलतो, सार,” षण्मुगम म्हणाले. “मिसेस सेतुराव असे घालू?”

“नको. माझ्या नांवानें तें काम आधींच चाळीस वर्षें खपलें आहे.”

“तर मग त्यांचे नाव सांगा.”

लेथ चालूच होता. सेतुरावांनी वही मिटून घेतली. त्यांच्या घरी पुरुषाने बायकोचे नाव घेण्याची रीत नव्हती; घेतले तर तिचे आयुष्य घटते असे मानीत. आमच्या बायकांना निदान उखाण्याची पळवाट असते. त्यांनी पन्नास वर्षांत ते नाव एकदाही उच्चारले नव्हते, आणि ती होती तोवर जपायला जे कारण होते ते आता उरले नव्हते, तरी जीभ वळत नव्हती. मग मला उमगले की रोजच्या त्या शेवटच्या प्रश्नात ते कशाची वाट पाहत होते. ते नाव दुसऱ्या कुणीतरी, निदान त्या सर्वज्ञाने तरी, आधी घ्यावे.

“नाव नाही तर मला इंग्रजीच ठेवावे लागेल, सार,” षण्मुगम ओशाळून म्हणाले. “उद्या सकाळी छपाई आहे.”

सेतुराव उठून उभे राहिले. त्या ऑफिसच्या मालकाला त्यांनी ताठ आवाजात सांगितले, “तुम्ही जरा बाहेर थांबा.”

षण्मुगम आपल्याच ऑफिसातून निमूट बाहेर गेले. सेतुरावांनी खिशातून फोन काढून माझ्याकडे दिला. “विद्वानालाही बाहेर ठेव. त्याला आयतें सांगणार नाहीं.” मी फोन दारापलीकडच्या स्टुलावर ठेवून दार लावले, वहीचे कोरे पान उघडले, आणि लेखणी टेकवून थांबले.

त्यांनी हात दस्त्यावर, त्या न तुटणाऱ्या रेघेवर ठेवला. भिंतीकडे तोंड केले नाही, मान खाली घातली नाही. माझ्या डोळ्यांत पाहत, लेथच्या आवाजाहून वर, एक एक अक्षर वेगळे करीत ते म्हणाले,

“कावेरीबाई.”