मेजरसाहेबांची जीप खांद्यावर

गाडी चालवणं म्हणजे असं काय मोठं दिव्य आहे? लोइस होल्कमचं स्पष्ट मत होतं, की जिने दहाव्या वर्षी नेब्रास्कातल्या गव्हाच्या शेतात आजोबांचा ट्रॅक्टर फिरवला, तिच्यासाठी जीप म्हणजे बाबागाडी! आणि हे मत ती युद्ध संपून अमेरिकी फौज उतरलेल्या जपानातल्या एका लहानशा बंदराच्या गावात, टेकडीवरच्या घरी, रोज जेवताना बोलून दाखवायची.

"बोल खुशाल," तिचे डॅडी, मेजर होल्कम, म्हणायचे. "पण जीपला हात लावायचा नाही. पलीकडच्या कॅप्टनच्या पोराने ट्रक चालवला आणि तो सरळ छत्र्यांच्या दुकानात घातला. पुढे काय झालं?"

पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ होतं. त्या अख्ख्या कुटुंबाला पुढच्याच बोटीने अमेरिकेला परत पाठवलं होतं. कुत्र्यासकट!

त्या शनिवारी कर्नलसाहेब आणि त्यांच्या पत्नी जेवायला येणार होते. मम्मीने आइस्क्रीम ठरवलं होतं. दूध होतं, साखर होती, फिरवायचं यंत्र होतं. फक्त बर्फ नव्हता! ड्रायव्हर सुट्टीवर, डॅडी दाढी करत गुणगुणताहेत, आणि मम्मी अशा चेहऱ्याने उभी की लढाई पुन्हा सुरू झाली असावी.

लोइस हळूच स्वयंपाकघरात गेली.

"किकुए-सान, बर्फ कुठे मिळतो?"

किकुए-सान म्हणजे किकुएबाई, घरची स्वयंपाकीण. वय पन्नाशीचं, चेहरा शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. ती हसलेली कोणी पाहिलेली नव्हती. तिचं इंग्रजी तुटकं, पण प्रत्येक शब्द खिळा ठोकल्यासारखा.

"बर्फ धक्क्यावर. लांब. चालत आणला, तर पाणी होणार."

"मग चला जीपने!"

"ताईसाहेब, नको."

"अहो, मी ट्रॅक्टर चालवलाय!"

किकुए-सानने देवाला करावा तसा छताकडे बघून नमस्कार केला, आणि पदरासारखा एप्रन सावरत ती मागोमाग निघाली. पोरीला एकटं सोडणं हे जीपमध्ये बसण्याहून भयंकर, असा तिने हिशेब केला असावा.

टेकडीवरच्या त्या घराला गाडीरस्ता नव्हता, नुसत्या दगडी पायऱ्या. जीप नेहमी पायथ्याशी उभी असायची. लोइसने ती सुरू केली आणि जीप आज्ञाधारक घोड्यासारखी निघाली. बघितलंत? बाबागाडी!

"मोठा रस्ता, ताईसाहेब."

"छे! शेतातून जवळ पडेल."

"वाट लहान. गाडी मोठी."

खरं तर एवढ्यात सगळं आलं होतं. पण ऐकते कोण! बांधावरून अर्धी वाट गेली तोवर लोइस गाणंही म्हणू लागली होती. तेवढ्यात समोर एक बगळा उतरला. लोइसने त्याला वाट दिली. बगळा बांधावरच राहिला, आणि जीप भातखाचरात!

पचाक!

चिखल चाकांच्या आसापर्यंत आला. चाकं जागच्या जागी फिरली आणि दोघींच्या तोंडावर चिखलाची नक्षी उमटवून थांबली. बेडूक गप्प झाले. किकुए-सानने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दृश्य तेच होतं.

बांधावर एक म्हातारा येऊन उभा राहिला. गेन्झोआजोबा. गावचे वडीलधारे आणि, लोइसचं नशीब असं, की त्या खाचराचे मालक. त्यांनी चिरडलेल्या रोपांकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, मग कमरेत वाकून काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, हे शेत दोनशे वर्षं इथेच आहे. आज बाजूला झालं नाही, माफी असावी."

लोइसला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण धरणीने आधीच जीप घेतली होती, जागा नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे बोट उभी राहिली. बोटीवर डॅडी, मम्मी, सामान. आणि धक्क्यावर एकटी किकुए-सान, नोकरी गेलेली. लोइस ओक्साबोक्शी रडू लागली.

"रडू नका. बसा," किकुए-सान म्हणाली आणि चिखल तुडवत गेन्झोआजोबांबरोबर देवळाकडे गेली.

परत आली ती पन्नास-साठ माणसं घेऊन! कोळी, सुतार, शेतकरी, डोक्याला पंचे बांधलेले. बऱ्याच जणांनी निळे उत्सवी डगले चढवले होते. आणि खांद्यांवर लांबच्या लांब, गुळगुळीत, काळ्या पडलेल्या तुळया.

"हे कशासाठी?"

"देवाच्या पालखीचे दांडे. आज उत्सव."

"मग पालखी?"

"जळाली. दांडे नदीत भिजत होते, म्हणून राहिले."

"केव्हा जळाली?"

किकुए-सान दोरीची गाठ तपासत होती. "विमानं आली, तेव्हा."

कोणाची विमानं, हे लोइसने विचारलं नाही.

माणसं गुडघाभर चिखलात उतरली. जीपखालून तुळया सरकल्या, आडवे वासे बांधले गेले. लोइस उतरू लागली तर गेन्झोआजोबांनी हाताने 'बसा' म्हणून दटावलं. मग त्यांनी लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्या. टाक्! त्यासरशी पालखी उचलतानाची आरोळी उठली.

"वाश्शोई!"

जीप हलली.

"वाश्शोई!"

जीप उठली! चिखलाने तिला सोडताना जो आवाज केला, तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण लोइसला तो ऐकूच आला नाही. ती वर चालली होती. माणसांची डोकी खाली गेली, मग छपरं शेजारी आली, मग छपरांपलीकडे एकदम सगळा समुद्र दिसला! एवढं लोखंड त्या वाळक्या खांद्यांवर, गेली कित्येक वर्षं रताळी खाऊन काढलेल्या माणसांच्या खांद्यांवर, होडीसारखं डुलत होतं. खाली एकच श्वास होता. एकच पाऊल पडत होतं.

बांध संपला, रस्ता आला. आता ठेवतील, लोइसला वाटलं. कोण ठेवतंय! मिरवणूक गावात शिरली. म्हाताऱ्या दारात आल्या. कोणी पाणी शिंपडलं, कोणी मीठ उधळलं. एका आजीने जीपच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला आणि ती रडली. आणि सगळ्यांच्या पुढे, हातात कागदी पंखा, एप्रनवर चिखल, कोण नाचत होतं? किकुए-सान! मुख्याध्यापिकेचा चेहरा कुठल्या कुठे गेला होता. लहान मुलीसारखी गिरक्या घेत होती, आणि हसत होती!

चौकात पांढऱ्या शिरस्त्राणांचे दोन अमेरिकी लष्करी पोलीस उभे होते. समोरून आरडाओरडा करत जमाव येतोय, जमावाच्या डोक्यावर सरकारी जीप, जीपमध्ये चिखलाने माखलेली पोरगी! एकाने शिट्टी तोंडाकडे नेली.

"बंड झालं की काय रे?"

"बंडात पंखा असतो का?" दुसरा म्हणाला. मग पोरगी त्यांच्या डोक्यावरून डुलत गेली, आणि का कोण जाणे, दोघांनीही सलाम ठोकला.

अखेर टेकडीचा पायथा आला. जीपची नेहमीची जागा! इथे ठेवली की वरती कोणाला पत्ताही लागणार नाही. लोइस ओरडली, "थांबा!" इंग्रजी कोणाला कळणार? किकुए-सान पार पुढे. तेव्हा लोइसला एक जपानी शब्द आठवला. जेवताना किकुए-सान डाव पुढे करून विचारायची, "मोत्तो?" आणि डॅडी पोटावर हात ठेवून मान हलवायचे. म्हणजे मोत्तोचा अर्थ 'पुरे', दुसरा काय!

"मोत्तो!" लोइस जीव तोडून ओरडली. "मोत्तो! मोत्तो!"

खाली आनंदाची आरोळी उठली. "वाश्शोई!" आणि जीप पायऱ्या चढू लागली!

"मोत्तो!"

जीप आणखी जोरात चढली! पुढचे वाकले, मागच्यांनी हात वर ताणले. लोइसला आता नुसतं आभाळ दिसत होतं, आणि त्या आभाळाकडे ती चालली होती.

वरच्या बागेत पांढऱ्या कपड्यांत कर्नलसाहेब, त्यांच्या पत्नी, मम्मी, आणि हातात सरबताचा पेला घेतलेले मेजर होल्कम उभे होते. कुंपणावर आधी पंखा दिसला. मग पंचे. मग जीप.

पोळपाटावर पोळी ठेवावी तशी ती जीप अलगद हिरवळीवर टेकली. पेल्यातलं सरबत मेजरांच्या बुटात पडत होतं.

गेन्झोआजोबा पुढे आले, घाम पुसला आणि वाकले. किकुए-सानने धापा टाकत अर्थ सांगितला.

"म्हणतात, इतक्या वर्षांनी खांद्याला वजन मिळालं. आभार."

कर्नलसाहेबांनी टोपी काढली. ती बराच वेळ त्यांच्या हातातच होती. मग ते म्हणाले, "होल्कम, मुलांनी गाडी चालवायची नाही, असा नियम आहे ना?"

"होय, सर," मेजर पुटपुटले. लोइसला बोटीचा भोंगा ऐकू आला.

"मी पाहिली तेव्हा कोणीच चालवत नव्हतं. या लोकांना बिअर द्या. सगळी द्या!"

बिअर संपली, सरबत संपलं, मम्मीने आइस्क्रीमचं दूधही वाटलं. लोइसने किकुए-सानला कोपऱ्यात गाठलं. "मी एवढी 'पुरे, पुरे' ओरडत होते, कोणी थांबलं का नाही?"

"ताईसाहेब, तुम्ही ओरडत होता, 'आणखी! आणखी!'" आणि ती पुन्हा हसली, एका दिवसात दुसऱ्यांदा!

माणसं गात गात उतरून गेली. पाहुणे गेले. मेजर होल्कम जीपभोवती एक फेरी मारून आले, पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन खाली वाकून पाहून आले, आणि किकुए-सानला म्हणाले, "ही आता खाली कशी न्यायची, ते विचारलंत का?"

"विचारलं, साहेब. गेन्झो-सान म्हणाले, पुढच्या उत्सवाला."

मेजर शांतपणे लेकीकडे वळले.

"लोइस, तुझं ऐकलं मी. उद्यापासून तू जीप चालवायचीस. त्या झुडपांपासून या तळ्यापर्यंत. आणि उलटी वळवताना मम्मीचे वाळत घातलेले कपडे तेवढे सांभाळ!"